डाव्या बाजूची बोटभर फट

३ फेब्रुवारी, सोमवार

बसलं नाही! आयुष्यभर लोकांच्या शर्टांना बाह्या बसवल्या, आणि लेकीच्या मोटरसायकलला दोन प्लास्टिकची कव्हरं बसवता येईनात.

गॅरेजवाला त्यांना फायबर म्हणतो. लेक गाडीवरून पडली तेव्हा उजवं फुटलं होतं. त्याने दोन्ही काढून नेली, सांधली, नवा निळा रंग मारला. बसवूनही देतो म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, मी बसवतो. मोठा शहाणा मी!

रविवारी ती गाडी न्यायला येणार. माझ्या बहिणीचा निरोप आलाय — "खालूनच नेईन म्हणते, वर येणार नाही." दीड महिना झाला, पोरगी आत्याकडे राहतेय. माझ्याच तोंडामुळे. ती सांगत होती, डावीकडून एक गाडी घासून गेली, धक्का बसला, म्हणून पडले. आणि मी काय म्हणालो? "वेगात असशील. आता खोटं कशाला बोलतेस?" मनगटाला प्लास्टर घालून दवाखान्यातून आलेल्या पोरीला!

गाडी तरी माझ्या हातची, धड मिळू दे तिला. मग कदाचित चार पायऱ्या चढेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मशीन बंद ठेवून जिन्याखाली गाडीशी बसलो. उजव्या फायबरचा वरचा स्क्रू करकचून आवळला. दुसराही आवळला. तिसऱ्याचं भोक जागेवर नाही! चौथं तर दिसेचना. ओढलं जोरात — कट्! आत अडकणारा एक कान तुटला.

हिने खिडकीतून विचारलं, "काय तुटलं?"

"काही नाही."

"काही नाहीचा एवढा मोठा आवाज?"

चिडलो. तुटका कान खिशात टाकला.

५ फेब्रुवारी, बुधवार

नाक मुठीत धरून गॅरेजवाल्याकडे. त्याने कान चिकटवून दिला, वर हसलाही. म्हणाला, "काका, एकेक स्क्रू पुरता आवळायचा नसतो. आधी सगळे दोन-दोन आटे फिरवून सोडून द्यायचे. कव्हर हलतं राहिलं पाहिजे. सगळे लागले की मग आवळा."

अरे! कच्चा धावदोराच की हा! आधी सगळं कच्चं टाचून घ्या, मग पक्की टीप मारा — चाळीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊला हेच सांगत आलो. आणि स्वतः पहिल्याच टाक्याला गाठ मारून बसलो! कपाळावर हात मारून घेतला. हाताला ग्रीस होतं. घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

स्क्रूही लांब-आखूड निघाले. पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढलं आणि ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उजवं बसलं! एकही भोक रुसलं नाही. हिला खाली बोलावून दाखवलं. "बरं दिसतंय," म्हणाली. तिच्या तोंडून बरं म्हणजे मेडलच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डावं बसेना. धावदोऱ्यासारखं घातलं, तरी खाली बोटभर फट. टेपने मापलं. फायबर उजव्याच्या मापाचं, तसूभर फरक नाही. कापड ठीक असेल तर खोट अंगात शोधावी — बॅटरी घेऊन आत वाकलो. फायबर ज्या लोखंडी पट्टीवर टेकतं, ती आत दबलेली.

गॅरेजवाल्याला बोलावून विचारलं, "पडल्यामुळे वाकली?"

"पडली उजवीकडे ना? मग डावीकडे जमीन कुठून येणार, काका? हा बाहेरून धक्का आहे. या फायबरवर पांढरा ओरखडाही होता, मीच घासून रंग मारला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. कारण तिने सांगितलं तेव्हा मी ऐकलंच नाही. तिच्या आईला पटलं, आत्याला पटलं. मलाच तेवढं जास्त कळत होतं!

लाज वाटली. अजून वाटतेय. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पट्टी सोडवली, लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकत सरळ केली. डावं बसलं. फट नाही! हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं, कुठेच घासत नाही.

मग मशीनपाशी बसून "माझं चुकलं" असं दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. जमेल. जमायलाच हवं.

९ फेब्रुवारी, रविवार

आली. ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "माझं चुकलं. धक्का बसला होता तुला. खोटं नव्हतीस बोलत."

ती फायबरवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "धक्का बसला, ते खरंच. पण बाबा... वेगातही होते मी. खूपच."

मग तिला हसू फुटलं, मला रडू. वर आली! तासभर आईला चिकटून बसली. निघताना चावी दिली. "हळू जा" अगदी ओठांवर आलं होतं — गिळलं.

जिन्यावरून तीच म्हणाली, "हळू जाते, बाबा."