किल्ली मागणारा गादीवाला

तू पाठवलेल्या रबरी चपलांनी माझा घात केला, हे आधी लिहिते आणि मग ख्यालीखुशाली विचारते. न्हाणीघरात पाय सटकला आणि अशी आपटले की बादलीचं बूड फुटलं. (माझं शाबूत आहे, पण बसवत नाही.)

धाकटीला थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या घरच्यांचा खोकला गेला, की तेच जायच्या बेतात आहेत?

तर ऐक. मी ओरडले ते खालच्या गादीवाल्याने ऐकलं. दिवसभर कापूस पिंजतो, भुवयांपर्यंत पांढरा, धड तोंड दिसत नाही. त्याने खांद्याने दार तोडलं, मला उचलून खाटेवर टाकलं, डॉक्टरीणबाईंना आणलं, कुलूपही नवं बसवून दिलं. इथवर ठीक. पडलेल्याला माणूस उचलतोच, नाहीतर ओरडणं ऐकत बसावं लागतं. पण हा दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आला. मग रोजच यायला लागला. पैसे घेईना, फारसं बोलेना, आणि एकदा जाताना केर काढून गेला! तेव्हा मात्र मला संशय आला. माझ्या दिराने असाच एकदा आपणहून केर काढला होता, आणि पाठोपाठ माझं शिवणयंत्र नेलं होतं. मी दाराला खुर्ची लावून झोपू लागले. दूध आधी मांजराला पाजायचे. (मांजर गलेलठ्ठ झालं, पण विष सावकाशही भिनतं.)

परवा म्हणतो, "आजी, एक किल्ली माझ्याकडे ठेवा. पुन्हा पडलात तर दार तोडायला नको."

म्हटलं, "मेल्या, खरं सांग, तुला हवंय काय? खोली? भांडी?" तर म्हणे काही नको. अगं, काही नको म्हणणाराच सगळं नेतो! मी हटले नाही. डोकं खाजवून शेवटी बोलला, "तुम्ही नळ उघडा टाकून पडलात, तर पाणी खाली माझ्या कापसावर येईल. ओल्या कापसाचं काय करू मी?"

काय बरं वाटलं म्हणून सांगू! स्वतःच्या पोटासाठी करतोय बिचारा. म्हणजे सरळ माणूस. तिथल्या तिथे किल्ली हातावर ठेवली आणि त्या दिवशी दूध मांजराच्या आधी मी प्यायले.

तुझी,
ताई

ता. क. पडल्यापासून आज पहिल्यांदा खाली उतरले, तेव्हा ध्यानात आलं. त्याचं दुकान पुढच्या अंगाला, माझ्या खाटेखाली. न्हाणीघर पार मागे, त्याच्याखाली नुसता जिना. माझ्या नळाला पूर आला तरी त्याच्या कापसाला थेंब लागायचा नाही. खोटं बोलला मेला! म्हणजे त्याला खरंच काही नकोय, आणि किल्ली त्याच्याकडे. परत मागायला तोंड उघडलं होतं, पण न्हाणीघरातली ती फरशी आठवली आणि मिटलं.

आणखी एक. माझ्या मोठ्या आजारपणात तू स्वतःचं तान्हं सासूकडे टाकून माझं सगळं अंथरुणातलं काढलंस. का गं? कधी विचारलं नाही, धीर झाला नाही. आईने धाडलं म्हणून, की लोक नावं ठेवतील म्हणून? तसं असेल तर बिनधास्त लिही, मी सुखाने झोपेन. आणि तसं काही नसेल, तर तेही लिही. म्हणजे या गादीवाल्याला घाबरायचं की नाही ते मला ठरवता येईल. उत्तर तूच लिहायचं. सुनेला लिहायला सांगू नकोस, ती माझं मन राखेल.