रिलीव्हर येईपर्यंत

१० नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! छत्तीस वर्षं चरोद्याच्या रेल्वे यार्डात डबे जोडले; देश फिरले ते डबे, मी जागच्या जागी. निवृत्तीनंतरची ही पहिली सुट्टी, तीही एकट्याची. भिलाईहून नंदिनी गावाच्या रस्त्याला चुनखडीच्या जुन्या खाणीत पाणी साचून हिरवंगार तळं झालंय. काठावर नारळ लावून कुणीतरी रिसॉर्ट काढलंय. माझ्या लेकीला, रोशनीला, आठवा महिना आहे. दोन दिवसांत परततो, असा शब्द देऊन निघालो. इथला मॅनेजर चंदन दाढी वाढलेला, अबोल. पोहे मात्र झकास करतो.

११ नोव्हेंबर
सकाळभर पाण्यात पाय सोडून बसलो. दुपारी चंदन रजिस्टर घेऊन आला. त्याचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नव्हता. तासभर चार्ज घ्याल का, म्हणाला. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. दुसऱ्याचा खोळंबा बघवत नाही. ‘चार्ज घेतला’ लिहून सही ठोकली. चंदन ढसाढसा रडला, माझे पाय धरले आणि चपला न घालताच पळाला.

१२ नोव्हेंबर
चंदन आला नाही. मोबाईल लागत नाही. कुलूप लावून निघालो. सरळ रस्त्यानं तासभर चाललो, तर समोर याच रिसॉर्टचं फाटक. तीनदा गेलो, तीनदा हेच. घाबरलोय, खोटं कशाला लिहू.
रजिस्टर चाळलं. चंदनची चार्ज घेतल्याची सही २००९ सालची. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांच्या यादीतही त्याचंच नाव. मुक्काम – दोन दिवस.

१५ नोव्हेंबर
रजिस्टर तळ्यात फेकलं. परत आलो तर टेबलावर. कोरडं.

१९ नोव्हेंबर
भूषण नावाचे एक मास्तर खोली मागायला आले. रजिस्टर पुढे सरकवलं – मग ओढून घेतलं. त्यांचंही घर असेल. खोली नाही म्हणालो. रोशनीसाठी चिठ्ठी दिली. सुखरूप आहे, इकडे कोणी येऊ नका.
ते गेले. मागे धावलो. फाटक.

२१ नोव्हेंबर
माझं पेन संपलं. रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं हे एकच उरलं.

२२ नोव्हेंबर
रोशनी आली. पोट सांभाळत, हातात चिठ्ठी – जा म्हणालो, ओरडलो. सगळं सांगितलं. तिला वाटतं बापाचं डोकं फिरलं.
रजिस्टर वाचते आहे. पेन मागते आहे. द्यायचं नाही. लिहीत राहायचं. काहीही. लिहीत –
लेक यार्डवाल्याची. म्हणते, “बाबा, किती थकले तुमी. द्या इकडे, मी घेते चार्ज. तुमी घरी जा.”
सुतळी ओढते आहे. माझी बोटं –