सरांच्या फोनवर माझी पाळी

९ मार्च

क्लबच्या फुटबॉल संघातून बाहेर! शनिवारी उपांत्य सामना, आणि गोलमध्ये मी नाही! सर फोन पुढे धरून म्हणाले, "झोप अर्धवट, त्यात नेमके सामन्याच्या वेळीच तुझे ते दिवस. आकडे खोटं बोलत नाहीत."

ते दिवस! मी ज्याबद्दल मैत्रिणींशीही कुजबुजत बोलते, ते सरांच्या फोनवर लाल रेघ होऊन बसलंय! ही सगळी त्या मनगटावरच्या पट्ट्याची चहाडी. अंगाच्या तापमानावरून पाळीसुद्धा ओळखतो म्हणे. जर्सीबरोबर सगळ्यांना पट्टे वाटले होते — "बांधा गं पटापट, ठोके मोजायचेत." ठोके म्हणाले होते. बाकीचं कोणी विचारलं?

१० मार्च

पट्टा काढला. सर म्हणाले, "पट्टा नाही तर मैदान नाही. सही केलीयस ना?" केलीय की — जर्सी मिळाल्याची!

आईला फोन केला. वाटलं, नमतं घे म्हणेल. तर कडाडलीच, "माझ्या लेकीची पाळी मोजणारा हा कोण टिकोजीराव? अजिबात बांधू नकोस!" वा गं माझी वाघीण!

११ मार्च

रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. खेळायचंय मला.

१२ मार्च

आज कमालच झाली! चिंगी — आमची दुसरी गोलकीपर, कधीची बाकावर बसून संधीची वाट बघतेय. माझ्या जागी सरांनी तिला बोलावलं. ती गेली, ग्लोव्ह्ज काढले, पट्टा काढला आणि सगळं सरांच्या खुर्चीवर ठेवलं. "सर, मलाही कोणी विचारलं नव्हतं."

मग कॅप्टन. मग एकेक करत सगळ्याच. खुर्चीवर हा ढीग! सरांना टेकायला जागा नाही.

मी म्हटलं, "काय मोजता, कोण बघतं, पुसता कधी, ते आधी सांगा. मग विचारा. आणि नाही म्हटलं तर संघातून काढायचं नाही." आवाज कापत होता. पण बोलले!

१३ मार्च

क्लबनं मानलं! जुनी माहिती आमच्यासमोर पुसली. यापुढे जिला हवा तिनंच पट्टा बांधायचा, आणि आकडे फक्त क्लबच्या डॉक्टरीणबाई बघणार. सर कसनुसं हसत म्हणाले, "चुकलंच माझं. उद्या गोलमध्ये तूच."

१४ मार्च

जिंकलो!!! शेवटची पेनल्टी अडवली — उजवीकडे झेप, बोटं लागली, चेंडू बाहेर! चिंगीनं मला उचलून गरागरा फिरवलं आणि दोघी चिखलात आपटलो. पोटात कळा येत होत्या, हे खरं. सरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीला एकटीला बसवून सगळं समजावलं. माझी पाळी आल्यावर चिंगी हसली, "हिला कशाला विचारताय? ही नाहीच म्हणणार!"

दार लावल्यावर बाई म्हणाल्या, "नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही हं."

मी मनगट पुढे केलं. "झोपेचं तेवढं बघा. सरांचा तो आकडा खरा होता. महिनाभर मला झोपच लागत नाहीये."

हे कोणालाच बोलले नव्हते. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.