रत्नाक्काची थप्पड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

चि. आदर्श यास आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तू होस्टेलला गेलास तेव्हापासून पिक्चरवरचं मत मी तुला पत्रानंच कळवते, म्हणून आजही लिहायला बसले.

काल तुझा पिक्चर पाहिला. डोळ्याच्या ऑपरेशनमुळं डॉक्टरांनी थेटर बंद केलं होतं, नाहीतर पहिला खेळ मी सोडला असता का? तिसऱ्या आठवड्यातही हाऊसफुल्ल! भाच्यानं लिहिलेला पहिलाच पिक्चर आणि तोही हिट, म्हणून गल्लीतल्या बायकांसाठी अख्खी रांग धरली. शेजारची स्नेहल विचारत होती, बघण्यासारखा आहे का. मी न बघताच ऐटीत शिफारस केली. बैलगाडी उलटते तो सीन फक्कड जमलाय. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले.

मग ती रत्नाक्का आली, भावजयीला छळणारी नणंद. तिनं तोंड उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमटी अळणी झाली की तुमच्या माहेरी मीठ महाग आहे का, हे विचारणारी मी. डाव्या हातानं पदर झटकणारी मी. बायका आधी हसल्या, मग एकेक गप्प झाली. आणि रत्नाक्कानं भावजयीच्या कानाखाली वाजवली तेव्हा मागून पोरं ओरडली की ठेचा की हिला! स्नेहल पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. मध्यंतरात बायकांच्या घोळक्यात पिक्चरचा निकाल लागतो, हे मीच तुला शिकवलंय. काल तिथं निकाल माझा लागला. मी तशीच रिक्षा करून घरी आले.

असं का केलंस रे? मी तुझं काय वाईट केलं होतं? संवाद मात्र चोख आहेत, खोटं कशाला बोलू. दर वेळी लोभ असावा असं लिहिते, आज तो शब्द हातातून उतरत नाही.

तुझी आत्या,
संयोगिता


गोरेगाव, मुंबई
२३ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझं वाचून मी हादरलो. मला वाटलं होतं, तू रत्नाक्काला ओळखशील, मला चार शिव्या घालशील आणि हसशील. अख्ख्या पिक्चरमध्ये तीच एक जिवंत बाई आहे, असं सगळे म्हणतात.

थप्पड मात्र मी उगाच लिहिली नाही. चौथीत असताना शिरोळच्या घरी मी धान्याच्या खोलीत लपलो होतो. बाहेर तुझं आणि आईचं भांडण चाललं होतं. तो आवाज मी ऐकला. बाहेर आलो तर आई तोंड झाकून रडत होती आणि तू चपला पायात सरकवत होतीस. नंतर तू आमच्याकडं कधी आली नाहीस. बाबा गेले तेव्हा दवाखान्यातसुद्धा तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला नाहीत. आईला विचारलं की ती उठून गोठ्यात जाते.

म्हणून मी शेवट तसा केला. रत्नाक्का भावजयीची माफी मागते आणि लोक डोळे पुसत बाहेर पडतात. तू तो सीन बघशील आणि आईकडं जाशील, एवढीच माझी आशा होती. तू नेमकी त्याआधीच उठलीस.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा,
आदर्श


कोल्हापूर
२८ जानेवारी २०२५

चि. आदर्श यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मटकन खालीच बसले. आमच्या ह्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

अरे, एवढी वर्षं हे मनात धरून बसलास आणि एका शब्दानं विचारलं नाहीस? तू आवाज ऐकलास तो खरा. पण गाल माझा होता.

आठव जरा. स्कॉलरशिपच्या परीक्षेला जयसिंगपुरात सोडायला वहिनीनं तुला माझ्या ताब्यात दिलं होतं आणि मी तुला थेटरात नेलं. मला अजूनही त्यात काही वावगं वाटत नाही. परीक्षा तेव्हा सातवीलाही असायची, पिक्चर उतरला की उतरला. पण वहिनीनं वर्षभर पहाटे उठून तुझा अभ्यास घेतला होता. तिनं जाब विचारला, तर मी हसत तिला मारामारीचा सीन सांगायला लागले. तिनं एक ठेवून दिली. मग तीच रडायला लागली, कारण नणंदेवर हात उचलला हे कळलं असतं तर तुझ्या बाबांनी तिला घरात ठेवलं नसतं. त्यांचा राग तुला ठाऊक आहे. म्हणून मी कुणालाच बोलले नाही, आमच्या ह्यांनाही नाही. पण तिनं बोलावल्याशिवाय तिचा उंबराही चढायचा नाही, एवढा ताठा मलाही होताच.

आता गल्लीत मी रत्नाक्का झाले आहे. स्नेहल पोरीला माझ्याकडं ठेवून बाजारला जायची, आता बरोबर घेऊन जाते. ते फार लागतं रे. पण बनावहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला पिक्चरही दाखवू नकोस.

जिवाला जप. बाकी क्षेम.

तुझी आत्या


कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. आदर्श यास आशीर्वाद. वि. वि.

नको म्हटलेलं करणं हा तुझा लहानपणापासूनचा गुण. केलासच ना आईला फोन?

काल सकाळी दार वाजलं. उघडते तर बनावहिनी पिशवी घेऊन उभी. चहा नको, पाणी नको. म्हणाली की वन्सं, आदर्शाचा खेळ कितीला हाय, आणि त्या दिवशीच्या सगळ्या बायका बोलवा. जिनं पिक्चरचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घातल्या, ती बाई माझ्याआधी थेटरात शिरली.

पडद्यावरची भावजय रडायला लागली तशी वहिनी चिडली. मला विचारते की ही बाई हाय का गळका नळ. खुर्चीत नुसती चुळबुळ. मग थप्पड आली. पोरांनी रत्नाक्काला शिव्या घातल्या आणि वहिनी ताडकन उभी राहिली. तिच्या डोक्याची सावली थेट पडद्यावर. उसाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारायच्या आवाजात ती ओरडली की हिनं न्हाय मारलं, म्या मारलंतं, ह्या माझ्या नणंदंला, आन् माझं घर मोडू नये म्हणून हिनं आजवर कुनाला सांगितलं न्हाय!

पिक्चर चालूच होता, पण आमच्या रांगेतलं कुणी तिकडं बघत नव्हतं. मागून एकजण म्हणाला की पावणं, बसा की खाली, दिसंना. वहिनीनं त्याला सुनावलं की बघतोस काय, सगळं खोटं हाय, माझ्याच पोरानं लिवलंय. स्नेहलनं तोंडाला पदर लावला. मी तर हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

वहिनी आठवडाभर राहणार आहे. तिला एखादा चांगला पिक्चर दाखवायचाय, नाव सुचव. तिचे तुला आशीर्वाद, आणि रागही आहे. दोन्ही घे.

एक सांगायचं राहिलं. ती खाली बसली आणि अंधारातच तिनं हात पुढं करून माझा गाल चाचपला. डावा. तोच होता रे.

तुझी आत्या,
संयोगिता