दहावी 'ब'ची हजेरी

मानपाडा, डोंबिवली पूर्व
सोमवार, १९ जानेवारी २०२६

मंजुताईस,
गुणाजीचा सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? परवा शाळेचा जिना चढताना तू तीनदा थांबलीस, ते मी स्टेजवरून बघत होतो. इकडे सगळं ठीक. घरी कलावती तुझी आठवण काढते. वर्कशॉप चालू आहे. पोरं म्हणतात, शेठचे कान म्हणजे मशीनचा डॉक्टर. केबिनमध्ये बसून मी ओरडतो, "अरे, तीन नंबरच्या लेथचं बेअरिंग बघा रे," आणि दोन दिवसांत ते जातंच.

फोन सोडून हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. काल दोनदा फोन लावलेला. तू "बोल रे गुणा" म्हणालीस आणि मी दोन्ही वेळा गुडघ्याचंच विचारून ठेवून दिला.

कार्यक्रम बरा झाला ना? आपल्या बॉईज हायस्कूलला सव्वाशे वर्षं झाली, आणि भाषणाला त्यांना मीच सापडलो. मुख्याध्यापिका मेघना मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सेल्फमेड माणूस, तुमच्या तोंडून आवाहन शोभेल." मग मी पत्रक वाचलं. जिल्ह्यातली पहिली प्रयोगशाळा आपली, कबड्डीत अकरा वेळा अजिंक्य, एवढे डॉक्टर, तेवढे इंजिनीअर. पुढे गरजा : मागच्या इमारतीचं छप्पर गळतंय, तीन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, मुलांची मुतारी तर सांगायची सोय नाही. लोकांनी भरभरून दिलं. कोलशेतच्या टॉवरवाल्यांनीही दिलं.

आणि ती ढालीची ओळ मी वाचली. '१९८३-८४, दहावी ब, सर्वाधिक हजेरीची फिरती ढाल. या शाळेने एकही मुलगा हातचा जाऊ दिला नाही.' तू दुसऱ्या रांगेत होतीस. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तुझ्या थांबेनात. शेजारच्या बाईंना तू सांगितलंस, "आमचा कुंडलिक याच वर्गातला." एवढ्या गलक्यात ते मला ऐकू आलं. हे कान, ताई, कधीकधी कापून टाकावेसे वाटतात.

आपल्या शाळेची पद्धत तुला ठाऊक आहे. मुलगा तीन दिवस आला नाही की वर्गशिक्षक सायकल काढून त्याच्या घरी. भोईर सर तर चिखल तुडवत खाडीपर्यंत जायचे, बापाशी भांडायचे आणि पोराला कॅरियरवर बसवून आणायचे. शाळेचं खरं नाव झालं ते या सायकलीवर. ढाल नंतरची.

दिवाळीनंतर तुमच्या बाबांचा पाय मोडला, तेव्हा त्यांच्या जागी कुंडलिक रेतीच्या बोटीवर गेला. डुबी मारायला. पाण्याखाली तळाशी जायचं, बादली भरायची, वर यायचं. पंधरा वर्षांचा होता. जाताना मला म्हणाला, "गुणा, चारच दिवस. सर घरी आले तर बाबांना लाज वाटेल. हजेरीला तू बोल." मी कुणाचाही आवाज काढायचो, माहीत आहे ना? बहात्तर पोरं, सरांचा जाड चष्मा, मान मस्टरमध्ये. त्यांनी नाव घेतलं की मी शेवटच्या बाकावरून अगदी त्याच्या आवाजात म्हणायचो, "हजर सर."

चार दिवस झाले. तो आला नाही. मी तीन आठवडे म्हणत राहिलो.

बोर्डाच्या फॉर्मवर सही करायला नाव पुकारलं, तेव्हा बिंग फुटलं. सर त्याच दिवशी कोलशेतला तुमच्या घरी गेले. तोवर बाबांना त्याच्या कमाईची सवय झालेली, आणि त्यालाही. सर परत आले ते मला रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "तीन दिवसांत कळलं असतं तर मी त्याला उचलून आणला असता रे." कुंडलिकचं नाव कमी झालं. हजेरीची बेरीज मात्र आधीच वर ऑफिसात गेलेली होती. ढाल वर्गात आली.

हे सगळं तुला माहीत असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो. परवा कळलं, नाही. जाताना तू माझा हात धरून म्हणालीस, "कुंडलिक नेहमी सांगायचा, शाळेत गुणाने मला लय सांभाळून घेतलं." ताई, तो असं म्हणायचा?

ढालीसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पोरवय, वर्गाची इज्जत वगैरे. ते खोटं आहे.

पाचवीपासून कुंडलिक पहिला आणि मी दुसरा. गरीब घरातून दहावीला जो पहिला येईल त्याचा पुढचा सगळा खर्च शाळा करायची. पाचव्या दिवशी सकाळी सरांनी नाव घेतलं, तेव्हा मला हे सुचलं. एका क्षणात सुचलं आणि मी तोंड उघडलं. त्यानंतर रोज मी समजून उमजून बोललो. मार्चमध्ये पहिला मी आलो. त्या पैशांवर शिकलो, त्या शिक्षणावर वर्कशॉप उभं केलं. लोक मला सेल्फमेड म्हणतात.

त्याला काय मिळालं, ते तू बघितलंस. पाण्याच्या दाबाने पंचविशीत दोन्ही कान गेले. मी भेटायला आलो की माझ्या ओठांकडे बघत हसायचा. "काय रे शेठ, पुटपुटतोस काय, मोठ्याने बोल की!" मी मोठ्याने बोललो नाही. गेल्या वर्षी माजिवड्याला ज्या ट्रकखाली तो गेला, त्याने हॉर्न दिला होता, असं सगळे सांगतात. दिलाही असेल.

काल मेघना मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, बेचाळीस वर्षं झाली. पत्रकं वाटून झालीत. आता कशाला?" मी म्हटलं, पुढच्या पत्रकातून ढालीची ओळ काढा, आणि घरोघर जाणाऱ्या एका शिक्षकाचा पगार मी मरेपर्यंत देईन. सरकारी जागा भरेल तेव्हा भरेल. पोरं अजून गळतात, ताई. आता रेती नाही, पार्सलं पोचवायला जातात. त्या शिक्षकाच्या जागेला कुंडलिकचं नाव देऊ का, हे मी तुला विचारणार नाही. मला तो अधिकार नाही.

तू देणगी म्हणून जे पाकीट माझ्या हातात दिलंस ते मी पेटीत टाकलेलं नाही. उघडलेलंही नाही. सोबत परत पाठवतोय. सगळं वाचून झाल्यावरही शाळेला द्यावंसं वाटलं तर मॅडमच्या हातात दे, माझ्या नको.

रविवारी मी कोलशेतला येतो. दार उघडलं नाहीस तर बाहेर थोडा वेळ उभा राहीन आणि जाईन. कुणाला काही विचारणार नाही.

तुझ्या भावाच्या जागी पहिला आलेला,
गुणाजी