दादाने लावलेलं

१४ नोव्हें., शुक्र.
दादाचा दहावा. तापीवर. कावळा पिंडाला शिवेना. वहिनीला सांभाळीन म्हणालो, नाही. शाहपूरची केळीची बाग विकणार नाही, आई म्हणाली. तरी नाही. शेवटी वहिनी पुढे झाली. "तुम्ही घरात लावलेलं काहीएक काढणार नाही." लगेच शिवला.
बल्ब, पंखे, गीझर, सगळं मोबाईलवर चालणारं. दादाची हौस.

१८ नोव्हें., मंगळ.
नेटवाला मोडेम बदलणार. सगळं पुन्हा जोडावं लागेल, आणि काय काय आहे ते फक्त दादाला ठाऊक. ऑफिसातले कॉम्प्युटर मोजायला लिहिलेली माझी स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रॅमच तो, घरच्या वाय-फायवर चालवली. जे जे जोडलेलं आहे ते आपापल्या नंबरासकट स्क्रीनवर आलं. नावं दादानेच दिलेली. 'आईचा पंखा' वाचलं आणि उठून बाहेर गेलो.
एकाला नाव नाही.

१९, बुध.
बिननावाच्याचा नंबर नेटवर शोधला. कॅमेऱ्याच्या कंपनीचा निघाला. घरात कॅमेरा कुठे आहे?
एकेक प्लग काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवत गेलो. स्वयंपाकघरातली डासांची मशीन काढली, तेव्हा तो नंबर गेला.
वहिनी धावत आली. "अहो भाऊजी, ते नका काढू! डासांचं आहे. यांनीच लावलं. मी रोज पुसते त्याला."
जाळीमागे काच. मोहरीएवढी. तोंड ओट्याकडे.
परत लावली. दादा? आपला दादा?

२०
जेवण गेलं नाही.
दादा दुपारी बुधवारा भागातल्या दुकानातून फोन करायचा. "आज वांगी का?" वहिनी हसायची, "यांना बरोबर कळतं हं." आम्ही पण हसायचो. आई म्हणायची, माझ्या लेकाचं नाक तिखट आहे.
कोणाला सांगू? आईला तर नाहीच.

२२, शनि.
नवा मोडेम लागला. बाकी सगळं जोडलं. ते सोडून.
वहिनीच्या संध्याकाळीच लक्षात आलं. "भाऊजी, याचा हिरवा दिवा लागत नाही."
"खराब झाली असेल."
"मग तसलीच दुसरी आणा ना. शब्द दिलाय मी."
आई म्हणाली, "थंडीत कुठले डास गं?"
वहिनीने गॅस बारीक केला, माझ्याकडे वळली.
"भाऊजी, खाली काय बघता? बोला."