कर्ण्यातला ख्याल

आप्पा,

त्या कानाच्या डॉक्टराने तुम्हाला फसवलं. "वय झालं, मोठ्याने लावा," म्हणून त्याने हात झटकले, आणि मी गाढवाने देवळातला कर्णा आणून घरच्या रेकॉर्ड प्लेयरला जोडला. शिमग्यात चार वाड्यांना हाळी द्यायला कर्णा ठीक. त्यात ख्याल लावला की गवई भांडायला उठतो आणि तंबोरा मरतो. म्हणून आज कर्णा परत द्यायला चाललोय. तुमची स्पीकरची जुनी लाकडी पेटी पुन्हा जोडलीय. कुळथाचं पिठलं झाकून ठेवलंय.

सकाळी पेटीवर रेकॉर्ड लावली, तेव्हा तुम्ही डोळे मिटून मान डोलवत होतात. रेकॉर्ड संपून बराच वेळ झाला होता, आप्पा.

कधीपासून काहीच ऐकू येत नाही? या कागदामागे खरं लिहून ठेवा.

महिपत